थोमा, किसन आणि माझ्या सहा बरगड्या

मी तपासणीला दिलेली थुंकी माझी नव्हती. ती किसनची होती.

डॉक्टर कागदावरून नजर न काढता म्हणाले, "स्प्युटम पॉझिटिव्ह आहे." स्प्युटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. त्यात क्षयाचे जंतू सापडले की पॉझिटिव्ह. ऐकून मला आधी भीती वाटली नाही, राग आला. मी चाळीतली सर्वांत धडधाकट थुंकी निवडून आणली होती.

किसन लालबागला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. गिरणीत सूतखात्यात कामाला, रोज सकाळी गॅलरीत दोनशे बैठका. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्याने बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि देव, मग तो कुणाचाही असो, त्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवला होता. मी ख्रिस्ती, भायखळ्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवणारा. तो मला मानाने "मास्तर, तुम्ही" म्हणायचा. एका सकाळी मी त्याच्यापुढे बाटली धरली आणि म्हणालो, "जरा खाकरून यात थुंक. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचंय."

"माझी थुंकी पोरं बघणार?" त्याची छाती फुगली. त्याने मन लावून खाकरून दिले.

हा सगळा खटाटोप कीर्तनासाठी. प्रभू येशू मरणातून उठला त्या सणाला, ईस्टरला, आमच्या चर्चच्या मंडळीत दहा वर्षे मी कीर्तन करत आलो होतो. पेटी, झांजा आणि मधे मी. सण सात आठवड्यांवर आला होता. संध्याकाळी अंगात कणकण असायची, एकदा रुमालावर रक्ताची रेघ उमटली होती. ती शांताने, माझ्या बायकोने, धुताना पाहिली आणि मला दवाखान्यात नेऊन बसवले. क्षय निघाला की कीर्तन गेले, एवढेच मला दिसत होते.

पॉझिटिव्ह ऐकल्यावर मात्र मी सगळे कबूल केले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले.

"रोग लपवायला गेलात आणि दुसरा रोगी शोधून आणलात. उद्या दोघेही एक्स-रेला या."

किसन खोकायचा, नाही असे नाही. पण गिरणीत कापसाची धूळ, आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घोषणा. "मुंबई मिळेपर्यंत घसा असाच राहणार," असे तो म्हणायचा आणि आम्हाला पटायचे. मी त्याला जिन्यात गाठून खरे सांगितले. त्याने कठडा धरला.

"अरे मास्तर," तो म्हणाला, "प्रयोग कुणावर केलास?"

त्या दिवशी माझे 'तुम्ही' गेले, ते परत आले नाही.

एक्स-रेत किसनच्या उजव्या फुप्फुसावर छोटासा डाग निघाला. माझ्या डाव्या फुप्फुसात लिंबाएवढी कॅव्हिटी, म्हणजे रोगाने पोखरलेले भोक. ते पाहताना मला आठवले की दोन रविवारांपूर्वी प्रभुभोजनात, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात त्या विधीत, मी प्याल्याला ओठ लावून तो शांताच्या हातात दिला होता. मंडळीत सगळ्यांना एकच प्याला. नऊ दिवसांनी शांताची तपासणी स्वच्छ आली. मंडळीच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, मी स्वतः जाऊन सांगितले, त्यांनी बाकीच्यांनाही तपासून घ्यायला लावले, आणि देवाच्या दयेने कुणाला काही निघाले नाही. त्या नऊ दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांना माझा एकच सल्ला आहे: थुंकी स्वतःची द्यावी.

इस्पितळात आम्हाला शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. रोज स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन, जंतू मारणारे. ते टोचून टोचून बसण्याची सोय राहत नाही. शिवाय पी.ए.एस. या क्षयावरच्याच औषधाची पूड, तिची चव मी शत्रूलाही सांगणार नाही. प्रत्येकाच्या उशाशी थुंकायला झाकणाचा मग, त्यावर नाव. सिस्टर मग उचलायला आल्या की किसन माझ्याकडे बोट करायचा. "सिस्टर, याचा नीट बघून घ्या. याची यातच हाय ना?"

ईस्टर आला आणि गेला. मी खाटेवर होतो. खालून मोर्चा गेला, तेवढाच काय तो जयघोष.

पाच महिन्यांनी किसनचा डाग बुजत आला. माझे भोक हटेना. डॉक्टर म्हणाले, "थोरॅकोप्लास्टी करावी लागेल." या शस्त्रक्रियेत एका बाजूच्या बरगड्या काढतात, म्हणजे छातीची भिंत आत बसते आणि भोक दाबून बंद होते. माझ्या सहा जाणार होत्या, दोन खेपांत.

"मी पहिल्यासारखा होईन ना?"

"नाही. खांदा उतरेल, दम कमी पडेल, आवाजाचं सांगता येत नाही. पण जगाल. केली नाही तर तेही सांगता येत नाही."

मी सहीच केली नाही. खांदा पडलेला, आवाज गेलेला कीर्तनकार कोण ऐकणार? पाळकसाहेब भेटीला आले की मी त्यांना प्रार्थनेचा मजकूर सांगायचो: प्रभू, मला पहिल्यासारखे कर. शांता स्टुलावर बसून ऐकायची आणि डबा उचलून जायची. असे सहा आठवडे गेले.

एका दुपारी किसन म्हणाला, "तुझा देव उठला म्हणतोस, तो पहिल्यासारखा उठला काय?"

ही गोष्ट सांगायला मला दोनदा विचारावे लागत नाही. बसल्या बसल्या मी थोमाचे आख्यान सुरू केले. थोमा येशूचा शिष्य. गुरू उठला हे त्याला पटेना. खिळ्यांच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला. दहा वर्षे मी या थोमाची नक्कल करून मंडळीला हसवले होते. तशीच हातवारे करून केली. किसन हसला नाही.

"म्हंजे भोकं तशीच होती?"

"तशीच."

"मेल्याला उठवलं आन् चार भोकं बुजवता येईनात?"

"पाच," मी म्हणालो. मास्तरकीची खोड. "हात, पाय आणि भाल्याने भोसकलेली कूस."

"मग पाच. का नाय बुजवली?"

दहा वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हणालो, तसे लिहिले आहे म्हणून.

"मी काय ते उठणंबिठणं मानत नाय," किसन म्हणाला. "पण खोटं रचणाऱ्यानं आधी भोकं बुजवली असती. तुझ्यासारख्यानं तर दुसऱ्याचे हात दाखवले असते."

आणि तो कुशीवर वळून झोपला.

मी जागा राहिलो. लाजार नावाचा एक माणूसही कबरेतून बाहेर आला होता, येशूने हाक मारली म्हणून. तो पहिल्यासारखा घरी गेला, पहिल्यासारखा जेवला असेल आणि पुढे एक दिवस पुन्हा मेला असेल. मी सहा आठवडे लाजारासारखे सुटायला बघत होतो आणि त्यालाच पुनरुत्थान म्हणत होतो. प्रभू पहिल्यासारखा झालाच नाही. कबरेपाशी रडणाऱ्या मरिया नावाच्या शिष्येला तो आधी माळी वाटला. थोमाने त्याला ओळखले ते जखमांवरून. मरण त्याला पुन्हा शिवणार नव्हते, पण मरणाने केलेल्या खुणा त्याने टाकल्या नाहीत, उलट पुढे करून दाखवल्या. आणि दाखवल्या त्या त्याला टाकून पळालेल्या, त्याची ओळख नाकारणाऱ्या शिष्यांना. मी दहा वर्षे ज्याची टर उडवली तो थोमा सगळ्यांत शहाणा होता. कुठे पाहायचे ते त्याला ठाऊक होते.

संध्याकाळी शांता आली. मी सहीचा कागद मागवला. तिने पेनाचे टोपण काढून दिले.

दोन्ही शस्त्रक्रियांचे वर्णन करत नाही. जे करून घेणार आहेत त्यांनी घाबरू नये, दुखते आणि थांबते. डावा खांदा उतरला. सदरा त्या बाजूने लोंबतो. थुंकी निगेटिव्ह आली. माझीच.

पुढच्या ईस्टरला मी पुन्हा कीर्तनाला उभा राहिलो. खरे तर बसलो, खुर्चीवर. दोन आठवड्यांनी महाराष्ट्राचे राज्य होणार होते, दारोदार आनंद होता. मी थोमाची नक्कल केली नाही. त्याऐवजी बाटलीची गोष्ट सांगितली, प्याल्याचीही सांगितली. पेटीवाला वाजवायचे विसरला. पदे मात्र मला वरच्या पट्टीत झेपली नाहीत. दर ओळीला दम घ्यावा लागला.

हात जोडणार नाही, या अटीवर किसन आला होता. दाराशी उभा राहून त्याने सगळे ऐकले. नंतर बाकीचे माझा उजवा हात धरून गोड बोलले, पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मी किसनला विचारले, "कसं झालं?"

"गोष्ट बरी होती," तो म्हणाला. "पण मास्तर, आवाज मेलाय तुझा. पुढल्या वर्षी कुणाचा तरी मागून आण. तुला सवय हाय."