पोटाशी धरलेली बॅग

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. कुणी वाचेल असं नाही, पण भाऊंविषयी कुठेतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस वाटतं.

कान्ह्याच्या स्टेशनावर सकाळी येत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पुण्याच्या बाजूच्या फलाटावर टोपीवाला उंच माणूस, काळी बॅग पाठीला न लावता तान्हं मूल धरावं तशी पोटाशी धरलेली. शेजारी रिकाम्या हातांची मुलगी. कुणी हटकलं, "भाऊ, कॉलेजात नाव घातलं काय?" तर म्हणायचे, "व्हय. वजन उचलायच्या वर्गात."

भाऊ आमच्याच आळीतले. थोडं भात, दोन म्हशी. बायको मागेच वारली होती. मुलीला लहानपणी मणक्याचा टीबी झाला होता. तो बरा झाला, पण पाठीवर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी कायमचं सांगून ठेवलं होतं. मुलगी हुशार निघाली. घरांचे नकाशे काढण्याच्या शिक्षणाला पुण्यात नंबर लागला आणि कॉलेजने लॅपटॉप आणायला सांगितला.

मी लोणावळ्याला लॅपटॉपच्या दुकानात झाडूपोछा आणि चहाचं काम करते, म्हणून भाऊ तिला घेऊन तिथेच आले. रोजचं बोलणं कानावर पडून मलाही थोडं कळतं. पातळ हवा, हलका हवा, पण कामाला मागे पडायला नको, असं म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं.

दुकानातल्या मुलाने तीन लॅपटॉप मांडले. पहिला पातळ, परवडणारा. त्यावर त्याने एका बंगल्याचा नकाशा उघडून फिरवायला घेतला, तर तो मध्येच अडकला आणि लॅपटॉप तव्यासारखा तापला. दुसरा जाड, त्याचा चार्जरच विटेएवढा. त्यावर बंगला भिंगरीसारखा फिरला. तिसरा वहीएवढा पातळ, आणि त्यावरही बंगला तसाच फिरला. मुलीने तो उचलला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

भाऊंनी किंमत विचारली. दुसऱ्याच्या दुप्पट.

"मग ह्यात जास्ती काय हाय?"

"जास्त काही नाही, काका. वजन कमी आहे, त्याचे पैसे."

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "ऐकलं का गं? आमचं भात कमी भरलं की पैसं कापत्यात. हितं कमी भरलं की जास्ती घेत्यात."

दुकानातले सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिने तिसरा हळूच जागेवर ठेवला आणि म्हणाली, पहिलाच घेऊ, मी चालवून घेईन. भाऊंना ते पटेना. कामच अडलं तर शिकायचं कसं?

"जाडा दे," ते म्हणाले. "वजनाचं काय, मी हाय ना."

तो भाऊंच्या नावावर हप्त्यांनी घेतला. आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील.

पण ते खरंच जायला लागले. लॅपटॉप कॉलेजात ठेवायची सोय नव्हती आणि नकाशे तर घरी आल्यावरच पुरे व्हायचे. पहाटे धारा काढायच्या, मुलीबरोबर पुण्याला जायचं, दिवसभर कॉलेजच्या फाटकाशी बसायचं आणि संध्याकाळी बॅग घेऊन परत. तिथल्या वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, कोण पाहिजे? भाऊ म्हणाले, "कुणी न्हाई. वजन घिऊन आलोय." पुढे त्यानेच त्यांना बसायला स्टूल दिलं. मुलगी आधी लाजायची, फाटकाच्या अलीकडेच थांबा म्हणायची. ते थांबायचे. नंतर तीच मैत्रिणींना घेऊन बाहेर यायची आणि भाऊंबरोबर चहा प्यायची.

आळीत मात्र पोरीचा हमाल म्हणायचे. मी समोरच्या फलाटावर लोणावळ्याच्या गाडीची वाट बघायचे आणि दुकानात जाऊन त्या तिसऱ्या लॅपटॉपवरची धूळ पुसायचे. तो बरेच दिवस कुणी नेला नाही.

लावणीच्या दिवसांत भाऊ रात्री परत येऊन चिखलात उतरायचे. छातीत दुखायचं, ते कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी आमच्या दोन फलाटांच्या मधून मालगाडी गेली. ती सरली तेव्हा ते फलाटावर खाली बसलेले दिसले, मुलगी त्यांना सावरत होती. मी पूल ओलांडून धावले. बॅग मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. "जड न्हाई गं," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. कामशेतच्या दवाखान्यापर्यंत ते पोचले नाहीत. लॅपटॉपला ओरखडासुद्धा आला नाही.

नंतर मुलगी स्वतःच बॅग घेऊन जाऊ लागली. विकून हलका घ्यावा, तर जुन्याला निम्मेही कुणी देईना. थोड्याच महिन्यांत पाठ धरली, पट्टा लागला. मी म्हटलं, मी नेते तुझी बॅग. ती म्हणाली, "मावशी, तुमचं दुकान उलट्या बाजूला आहे." खरंच होतं ते. माझं पोट त्या दुकानावर आहे.

शिक्षण सुटलं. आता ती इथे जवळच नवलाख उंबऱ्याच्या एका कंपनीत बसून पार्ट तपासते. हप्ते थकले होते, फोन यायचे. ते तिने पगारातून एकेक करून भरले.

शेवटचा हप्ता भरायला ती दुकानात आली. तोच मुलगा होता. त्याने पैसे घेतले आणि म्हणाला, आता तुम्हाला नवीन लॅपटॉप हप्त्यांवर लगेच मिळेल. तुम्ही तेव्हा उचलला होता तसलाच हलका, तेवढ्याच ताकदीचा, आता तुमच्या जुन्याच्याच किमतीत येतो. दाखवू का?

ती नको म्हणाली. पैसे फिटल्याचा कागद तेवढा मागितला.

त्याने कागद काढून पुढे सरकवला. "इथे ग्राहकाची सही."

तिने त्या जागेखाली छापलेल्या भाऊंच्या नावावर बोट ठेवलं. मग तो मुलगाच खालच्या आवाजात म्हणाला, तुम्ही केली तरी चालेल. तिने सही केली. मी फडकं हातात घेऊन दाराशी उभी होते. सगळे पैसे फिटले होते.