हिमालयातला हुरडा

माझे वडील हिमालयात राहत. निदान त्यांच्या पुस्तकांच्या मागच्या पानावर तसं छापलेलं असे. प्रत्यक्षात ते जवळा बाजारजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर होते आणि थंडी पडली की हिंगोलीलासुद्धा जायला कुरकुरायचे. नव्वदच्या दशकात नांदेडच्या एका छापखान्यासाठी ते तोडग्यांची पुस्तकं लिहीत. मास्तराच्या नावावर तोडगे कोण विकत घेणार? म्हणून मुखपृष्ठावर दाढीवाला सिद्धपुरुष. घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. आई मात्र म्हणायची, "योगीमहाराज, तेवढं दळण आणून देता का?"

या सिद्धपुरुषाचे सगळ्यात मोठे भक्त म्हणजे माझे मोठे काका, वडिलांचे थोरले भाऊ. आठवडी बाजारातून नवं पुस्तक आणायचे आणि त्याबरहुकूम उंबऱ्यावर लिंबू ठेवायचे. पण दोघा भावांत अबोला होता. माझ्या बहिणीच्या लग्नात काकांच्या आधी व्याह्यांना फेटा बांधला गेला, एवढंच कारण. काका रुसले ते रुसलेच. वडिलांना भावावाचून करमत नव्हतं, पण पाय उचलत नव्हता. सणाला ताटापुढे नुसते बसून राहायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

मग पुढच्या पुस्तकात त्यांनी एक तोडगा घातला. दुरावलेला भाऊ परत यावा म्हणून थोरल्याने धाकट्याला शेतात बोलवावं, आगटीत भाजलेला हुरडा स्वतःच्या हाताने चोळून जवसाच्या चटणीबरोबर खाऊ घालावा. मागचं काही काढू नये.

त्या हिवाळ्यात ज्वारी हुरड्यात आली आणि काकूंचा निरोप आला, सगळे शेतात या. वडिलांनी धुतलेला सदरा घातला.

काकांनी गरम कणसं तळहातावर चोळली, फुंकर मारून दाणे वडिलांच्या हातावर ठेवले. वडिलांचे डोळे भरून आले आणि त्यांनी धुराला दोष दिला. मला इतकं बरं वाटलं की मी चटणीच जास्त खाल्ली.

हात झटकत काका म्हणाले, "एक सांग मास्तर, हिमालयात ज्वारी कव्हापासून पिकून राहिली?"

वडिलांनी तोंडाकडे नेलेला हात खाली घेतला. "तुमाला कळलं होतं, दादा? मग बोलावलं काहून?"

"माझ्याशी बोलायला तुला अख्खं पुस्तक लिहावं लागलं, लेकरा," काका म्हणाले. "मग मी न्हाई कसं म्हणू? खा, गार होऊन राहिला."