नांदूरघाटचं सायवान

अंबाजोगाईहून निघालेली एसटी केजला इतकी रमली की नांदूरघाटला उतरेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. मी आलो होतो कापसाची जुनी आडत (घाऊक खरेदीचं दुकान) बघायला. असल्या इमारतींसाठी मी कुठंही जातो. घरी याला खूळ म्हणतात.

आडत बघून जीव हरखला. आसपास सगळी माळवदं (मातीची सपाट छपरं) आणि मधेच ही ऐसपैस कौलारू. बैलगाडीतून बोजा थेट आत सरकावा इतकं उंच जोतं, कौलांखाली वाऱ्यासाठी लाकडी झडपा, आणि पुढं सागवानी खांबांवर रुंद सायवान (पुढची छपरी). कापूस गेला. आता सायवानाखाली चंद्रकलाबाईंचं चहाचं हॉटेल होतं. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगून मी फोटो काढले.

मग टेप काढून खांब मोजायला लागलो, तर न मागता चहा आला.

"रस्त्याच्या मोजणीला आलाव का?"

"नाही हो बाई, हौस म्हणून."

"समदे साहेब आधी आसंच म्हनत्यात." मग त्या हळूच म्हणाल्या, "मालक सायवान पाडून गाळे काढतो म्हनतोय. मी चूल कुटं नेऊ? तुमी सांगा की जरा."

तेवढ्यात मालक गोविंदशेठ धापा टाकत आले. मी सरकारी माणूस नाही, हे त्यांनाही सांगितलं. त्यांनी अदबीनं मान डोलावली आणि भजी मागवली. शेवटी मी मनापासून म्हणालो, "शेठ, हे खांब तेवढे पाडू नका."

"न्हाई पाडत साहेब. एकालाबी धक्का लागणार न्हाई."

बाईंनी आनंदानं आणखी भजी वाढली. परोपकाराच्या भरात मी ती सगळी खाल्ली आणि बीडपर्यंत पोट धरून बसलो.

आठवड्यानं परतताना मुद्दाम उतरलो. खांब सगळे जागेवर, वर ताजा ऑइलपेंट. खांबाखांबांमधे विटांच्या भिंती आणि शटरं. चंद्रकलाबाई रस्त्यापलीकडं, भर उन्हात चूल पेटवत होत्या.

"तुमचा शब्द मोडला न्हाई साहेब," शेठ म्हणाले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र मला स्टूल दिलं, चहा दिला.

"तुमी खांबाचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "सावलीचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं बगा."

घरी फोटो सगळ्यांना आवडले. खांब फार सुरेख आलेत. सायवानाखाली कुणीच नाही.