डाव्या पायाचे अठ्ठावीस वॅट

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराला स्वयंपाकघरामागे एक गॅलरी आहे. तिथे ऊन सकाळी येतं आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही. बायकोच्या मते ही जागा धुणं आणि पापड-कुरडया वाळवण्यासाठीच बांधलेली आहे. गेल्या वर्षी मी तिथे सायकलचा ट्रेनर मांडला आणि तेव्हापासून आमच्या घरात सीमावाद सुरू झाला.

ट्रेनर म्हणजे लोखंडी पायांचं एक वजनदार यंत्र. सायकलचं मागचं चाक काढायचं, सायकल त्यावर चढवायची आणि जागच्या जागी पेडलं मारायची. आपण किती जोर लावतोय ते वॅटमध्ये दिसतं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. रस्त्यावर सायकल काढली तर माझ्यापेक्षा गल्लीतल्या कुत्र्यांचाच व्यायाम जास्त व्हायचा, म्हणून हा घरचा मार्ग. वर्षभरात मी एकशे ऐंशी वॅटपर्यंत पोचलो आणि हा आकडा जरा जास्तच ठिकाणी सांगितला.

त्यातलं एक ठिकाण म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. श्रीपूरच्या बाजूला त्याचा ऊस आहे. ऊस कारखान्यावर नेण्याआधी तो भरलेली ट्रॉली बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून घेतो, मग कारखान्याच्या काट्यावर. दोन्ही आकड्यांत त्याला आजवर कधी फरक सापडलेला नाही, आणि हेच त्याच्या संशयाचं मुख्य कारण आहे.

“दाजी,” तो म्हणाला, “यंत्र तुमचं, गॅलरी तुमची, आकडा बी तुमचाच. साक्षीला कोण हाय?”

मला हे लागलं, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. स्वयंपाकघरातला काटासुद्धा मी लिटरभर पाणी ठेवून तपासतो, आणि इथे वर्षभर एकाच यंत्राच्या शब्दावर फुशारकी मारत होतो. मग मी पॉवर मीटर बसवलेली पेडलं मागवली. ही पेडलं पायाचा जोर स्वतः मोजतात, डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. म्हणजे आता एकाच सायकलला दोन काटे झाले, एक पायाखाली आणि दुसरा चेनच्या पलीकडे, ट्रेनरमध्ये.

“आणि दोघांचं जुळलं नाही तर?” बायकोने विचारलं.

“तर ट्रेनर खोटा.”

“खोटं यंत्र घरात ठेवणार?”

“मुळीच नाही,” मी म्हणालो. बोलून गेल्यावर कळलं, की तिने मला कुठे नेऊन ठेवलं. आकडे जुळले नाहीत तर ट्रेनर गॅलरीतून जाणार आणि तिथे पुन्हा दोरी बांधली जाणार, असं ठरलं. पंच म्हणून मेहुण्याला नेमलं. तो दसऱ्याला येणारच होता.

तो खंडेनवमीला दुपारीच आला. तोपर्यंत बायकोने मिक्सर, इस्त्री, सुरी-विळी आणि ट्रेनरवरची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू लावून पूजा केली होती. पूजेनंतर हत्यार उद्यापर्यंत चालवायचं नाही, असा तिच्या माहेरचा नियम. तेव्हा चाचणी दसऱ्याच्या सकाळी. पण त्याआधी पेडलं शून्यावर आणायला हवी होती. पेडलांवर काही भार नसताना फोनवरचं बटण दाबायचं, की यंत्र त्या स्थितीला शून्य धरतं.

“ते सकाळी सायकलवर बसायच्या आधी करू,” मी म्हणालो.

“आँ? न्हाय न्हाय.” मेहुणा मांडी बदलून बसला. “काटा शून्य करायचा तो दोघांच्या म्होरं. एकदा केला की कुणी हात लावायचा न्हाय. सकाळी मी अंघुळीला गेलो अन् तुमी पुन्यांदा शून्य केला तर? मला काय कळतंय?”

पंचाचं ऐकावं लागलं. संध्याकाळी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत फोन मधोमध ठेवून बसलो. ही पेडलं हलल्याशिवाय जागी होत नाहीत, म्हणून मी उठणारच होतो, तेवढ्यात फोनवर ती आपोआप दिसू लागली.

“बघ,” मी म्हणालो, “हात न लावता! पूजाही मोडली नाही.”

मी बटण दाबलं. शून्य. मेहुण्याने वाकून शून्य पाहिलं आणि समाधानाने फोन पालथा ठेवला.

सकाळी ट्रेनर नियमाप्रमाणे दहा मिनिटं पेडलं मारून तापवला. मेहुणा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसला. मी दोघा भावंडांना आधीच सांगून ठेवलं, की पेडलांचा आकडा ट्रेनरपेक्षा तीन-चार वॅटनी जास्त येईल, कारण मधली चेन थोडं खाते.

“म्हंजी ट्रॉलीतनं वाटंला चार ऊस पडत्यात, तसं.”

“अगदी तसंच.”

मी एक लय धरून पेडलं मारत राहिलो. ट्रेनरवर एकशे ऐंशी स्थिर झाले. पेडलांवर एकशे छप्पन्न.

मेहुण्याने दोन्ही आकडे दोनदा वाचले. “दाजी, ह्यो तर उलटा हिसाब. शेतातनं निघाला दीडशे अन् कारखान्यावर भरला एकशे ऐंशी? वाटंत ऊस उगवला काय?”

चेन वॅट खाऊ शकते, पिकवू शकत नाही. दोहोंपैकी एक यंत्र खोटं बोलत होतं, आणि मीच ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे ते ट्रेनर होतं. बायको आत गेली आणि दोरी घेऊन आली. नवी होती. म्हणजे तिने आधीच आणून ठेवली होती.

“ह्ये काय हाय, डावा-उजवा?” मेहुणा अजून फोनकडेच बघत होता. उजव्या पायाचे ब्याण्णव, डाव्याचे चौसष्ट.

“अगंबाई!” बायको दोरी सोडून जवळ आली. “डाव्या पायात काही होतंय का हो? मुंग्या येतात?”

“आक्के, दाजींचा डावा पाय कामचुकार हाय. उजवा राबतोय, ह्यो नुसता फिरतोय.”

मी जमिनीवर उभा राहून आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर उड्या मारून पाहिल्या. तिळाच्या तेलाने मालिश करावं की डॉक्टरांना दाखवावं, यावर दोघांची चर्चा सुरू झाली. माझ्या पायाबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही.

पण उड्या मारताना मला वाटलं, पाय तर दोन्ही सारखेच आहेत. मग कमी पडतंय ते डावं पेडल. मी गुडघ्यांवर बसून ते पाहिलं. पेडल चिकट होतं, त्याला आंबूस वास येत होता. खाली फरशीवर पातेल्याच्या बुडाचा गोल ठसा होता. आणि भिंतीपासून ट्रेनरच्या पायावरून, चेनच्या कडेने, मुंग्यांची एक रांग थेट डाव्या पेडलावर गेली होती.

मुंग्या आल्या होत्या खऱ्या, पण पायात नव्हे.

“अगं, इथे काय होतं काल?”

“चक्का,” बायको म्हणाली. “श्रीखंडाचं दही बांधलं होतं.”

“पेडलाला?”

“नळाला बांधलं की भांडी घासता येत नाहीत. हे बरोबर पातेल्याच्या उंचीला येतं. नुसतं टांगलं तर फिरून खाली जात होतं, म्हणून पलीकडच्या पेडलाचा दांडा साडीच्या काठाने खालच्या स्टँडला बांधला. पहाटे सोडलं सगळं.”

“पण पूजा झालेलं हत्यार चालवायचं नाही ना?”

“चालवलं कुठे? नुसतं टांगलं.”

पेडलं आपोआप जागी का झाली, ते मला आता कळलं. बायको गॅलरीत गाठ मारत होती, आणि आम्ही बाहेरच्या खोलीत, दोन साक्षीदारांसमक्ष, ओल्या दह्यासकट शून्य धरत होतो. मग सकाळी पेडलाने माझ्या डाव्या पायाच्या प्रत्येक दाबातून इमानदारीने दह्याचं वजन वजा केलं.

“किती होतं दही?”

“असेल दोनेक किलो. अंदाजे.”

अंदाजे! मी तिथेच फरशीवर बसून गणित मांडलं. दोन किलोचा भार, माझ्या पेडलं मारण्याची लय. साधारण अठ्ठावीस वॅट. ब्याण्णवातून अठ्ठावीस गेले, चौसष्ट.

मेहुणा इतका हसला, की खुर्चीवरून उठून त्याला कठडा धरावा लागला. पण पंच म्हणून तो पक्का होता. “आकडा जुळतोय, पर पुरावा पायजे. दही पुन्यांदा टांगा.”

“साखर घालून फेटून झालं,” बायको म्हणाली. “आता ते कुणी टांगणार नाही.”

मग दुसरा मार्ग निघाला. पेडलं पुसली, मुंग्या झाडल्या. तिघं जण गॅलरीत, प्रत्येकाची नजर मोकळ्या पेडलांवर, आणि शून्याचं बटण बायकोने दाबलं. मी पुन्हा चढलो. पुऱ्यांचं तेल गॅसवर तापत होतं, त्यामुळे ही चाचणी जरा घाईत झाली हे मान्य करायला हवं. ट्रेनर एकशे ऐंशी. पेडलं एकशे चौऱ्याऐंशी. डावा ब्याण्णव, उजवा ब्याण्णव.

“चार ऊस पडलं वाटंला,” मेहुण्याने निकाल दिला. “काटा खरा हाय.”

ट्रेनर राहिला. बायकोने दोरी परत गुंडाळली नाही, ती सायकलच्या हँडलपासून खिडकीच्या गजापर्यंत बांधली आणि त्यावर टॉवेल टाकला. त्याबद्दल आपलं काही ठरलेलं नाही, असं ती म्हणाली. ते खरंच ठरलेलं नव्हतं. चक्का मात्र इथून पुढे नळालाच, एवढं मी लावून धरलं. तिने ते मान्य केलं, पण त्या दिवशीची भांडी मी घासायची या अटीवर.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी मेहुण्याचा फोन आला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. दोन्ही काट्यांचा आकडा याही वेळी एकच भरला होता.

“मग आता तरी संशय गेला ना?” मी विचारलं.

“गेलाय की. आज काट्याच्या खाली वाकून बघत हुतो, तर तिथला माणूस इचारतोय, काय हुडकतायसा?”

“काय सांगितलंस?”

“दही,” तो म्हणाला, “अन् मुंग्या.”