भेटीच्या दिवशीची वेणी

किनवटकडच्या एका निवासी शाळेत भाचीला भेटायला गेले होते. पटांगणातल्या झाडाखाली एक बाई आपल्या पोरीची वेणी घालत बसली होती. घालायची, सोडायची, पुन्हा विंचरायची. बोटं पोरीच्या कानामागं, मानेवर, दंडावर फिरत होती आणि नजर मात्र सारखी व्हरांड्याकडं. काहीतरी लपवतेय, असा मला त्या बाईचाच संशय आला.

व्हरांड्यात तपासणीला आलेले साहेब नवी तक्रारपेटी बघत होते. आम्हा पालकांकडं वळून म्हणाले, "आता काळजी सोडा. मुलींची जबाबदारी सरकारची आहे."

फणी न थांबवता बाईनं विचारलं, "पेटीची किल्ली कुनाकडं हाय, साहेब?"

साहेबांशेजारी उभ्या मुख्याध्यापकांचा हात आपोआप खिशाकडं गेला. "माझ्याकडेच. एकदम सुरक्षित."

साहेबांनी मान डोलावली आणि दोघं चहाला आत गेले. तक्रार मुख्याध्यापकांविरुद्धच असली तर काय, हे साहेबांच्या डोक्यात आलं नाही. की आलं होतं?

मी बाईजवळ जाऊन बसले. "उवा तर दिसत नाहीत, मावशी."

"उवा कोन बघून राहिलं, ताई? पोरगी तोंडानं काही सांगत न्हाई. कुठं हात लावला की दचकते, ते बघते. दर भेटीला बघते."

तेवढ्यात माझी भाची पळत आली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, सगळं नीटनेटकं.

"बस इथं," मी म्हटलं आणि फणीसाठी बाईपुढं हात केला.