गिरवीचं घर

आम्ही एरंडोल सोडलं त्या सकाळी अब्बा टेम्पोच्या टपावर चढून गादी बांधत होते. बांधायचे, ओढून बघायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. आम्ही जातीचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हाच घरचा धंदा. निम्मी पेठ अब्बांनी भरलेल्या गादीवर झोपायची, आणि लेकीला पुण्याला पाठवताना त्यांच्याजवळ द्यायला तेवढंच होतं. टेम्पो सुरू झाला तसे खिडकीशी आले. अब्बा घरात हिंदी बोलतात, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि मनातलं सांगायचं असलं की तेही अहिराणीतच. म्हणाले, "शब्बो, हातउसनं मांगाले लाजू नको, पन ब्याजनी वाट धरू नको." पोरी सासरी जाताना बापाकडून काय काय नेतात. मी हे घेऊन निघाले.

त्यांना हे म्हणायचा हक्क होता, असं आम्ही सगळेच मानत होतो. अब्बा राहायचे ते घर गिरवीचं. म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि घरात राहायचं. भाडं नाही, हप्ता नाही, आणि घर सोडाल त्या दिवशी तुमची पूर्ण रक्कम परत. "एक पैसा ब्याजाचा दिला नाही की घेतला नाही," असं अब्बा आल्यागेल्याला सांगायचे. अम्मी हसायची, "झालं, आता पाहुण्याला चहाच्या आधी हे ऐकावं लागणार."

पुण्यात इम्तियाज, माझा नवरा, कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागला आणि मी एका लॅबच्या बिलिंग काउंटरवर. घर भाड्याचं. फोनवर नाव विचारेपर्यंत फ्लॅट रिकामा असायचा, नाव सांगितलं की मालकाच्या पुतण्याचं लग्न निघायचं. मिळालंच तर अकरा महिन्यांनी करार संपला, उचला बोजा. अब्बांची गादी इतक्या वेळा जिने चढली-उतरली की तिची एक शिवण उसवली. मुलाची शाळा दोनदा बदलली तेव्हा मी इम्तियाजला सांगितलं, आता पुरे.

आम्ही हलाल रस्ता शोधलाच नाही, असं कुणी म्हणू नये. एक बिनव्याजी संस्था सापडली. ती घर स्वतः विकत घेणार, आपला नफा वर ठेवून तेच आम्हाला हप्त्याने विकणार. हा व्यापार झाला, आणि व्यापार जायज आहे. मला पटलंही. पण पुण्यातला फ्लॅट घेण्याएवढी ताकद त्या संस्थेत नव्हती. बिल्डरला विचारलं तर तो म्हणाला, हप्ते घेतो, पण चावीच्या आधी सगळे फिटले पाहिजेत. शेवटी बँकेत गेलो. सही करताना अब्बांचं वाक्य कानात होतं. पोराचं दप्तरही डोळ्यांसमोर होतं. मी सही केली.

अब्बा घर बघायला आले. खोल्या हिंडले, नळ सोडून पाहिला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे, बेटा. पन तुनं नही शे." सगळं चांगलं, पण तुझं नाही. स्वतः भरलेल्या गादीवर बसले, सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले, आणि आले तसे संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. सूदाच्या, म्हणजे व्याजाच्या, छपराखाली त्यांना झोप येणार नव्हती म्हणे. मीही काही मुक्यानं सोसणारी नाही. स्वयंपाकघरात भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली. पुढे अम्मी गेली, अब्बा एकटे पडले, तरी तेच. ईदला यायचे, नातवाला ईदी द्यायचे, माझ्या शीरखुर्म्याकडे बघायचे आणि उठायचे. मला राग यायचा आणि रडू यायचं, आणि दोन्ही एकदमच यायचं.

मागच्या हिवाळ्यात मी एरंडोलला गेले तर अब्बांचे गुडघे पार गेलेले. काम म्हणावं तर गाद्या आता कोण भरून घेतं, सगळे फोमच्या आणतात. एका सकाळी म्हणाले, "चल, जळगावला जाऊ. तिथे मुफ्तीसाहेब आहेत. तुझ्या घराचा काही रस्ता निघतो का विचारू." त्यांना माझ्याकडे यायचं होतं. स्वतःच्या तोंडाने ते हे कधीच म्हणाले नसते.

मुफ्तीसाहेब वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, सूदावर घर घेणं जायज नाही. अगदी मजबुरी असेल तर काही उलेमा सूट देतात, त्यांचं स्वतःचं मत तसं नाही. आता घेतलंच आहे तर तौबा करा आणि जमेल तितक्या लवकर फेडा. बापाने लेकीकडे जायला मनाई नाही. अब्बांचा चेहरा खुलला. चहा आला. मुफ्तीसाहेबांनी सहज विचारलं, "चाचा, आपण कुठे राहता?"

अब्बा ताठ बसले आणि नेहमीचं सगळं सांगितलं. गिरवीचं घर, एक पैसा ब्याजाचा नाही.

"आणि भाडं?"

"भाडं कसलं? गिरवीचं आहे ना."

मुफ्तीसाहेबांनी कप खाली ठेवला. फार हळू बोलले. "चाचा, मालकाला दिलेली रक्कम हे कर्ज झालं. ती पूर्ण परत मिळणार, आणि तोवर तुम्ही त्याच्या घरात फुकट राहणार. दिलेल्या कर्जावर घेतलेला फायदा, तोही सूदच."

अब्बा म्हणाले, "पण सगळे असंच राहतात." हेच वाक्य मी त्यांना माझ्या घराबद्दल म्हणाले होते.

वाजवी भाडं ठरवून देत राहा, मग हरकत नाही, असा रस्ता मुफ्तीसाहेबांनी दाखवला. पण भाडं द्यायला कमाई कुठे होती? मालकही हसला, "भाऊ, आतापर्यंत चाललं ना, मग आताच काय झालं?" अब्बांनी घर सोडलं आणि माझ्याकडे पुण्याला आले. परत आलेली रक्कम तशीच इम्तियाजच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बँकेत भर."

तुम्ही गावची माणसं एरंडोलहून फोन करता, अब्बा रमले का म्हणून विचारता. रमले म्हणायचं. माझ्या हातचं जेवतात, आमच्या नळाचं पाणी पितात, नातवाला अहिराणी शिकवतात. येणाऱ्याजाणाऱ्याला काही सांगत मात्र नाहीत. आणि तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्यांना एक सांगते. मी इथे कशाही छपराखाली राहिले तरी तिकडे एक घर पाक आहे, व्याजाचा डाग नसलेलं, हा माझा आधार होता. माझ्या वाटचंही अब्बा तिथे सांभाळतायत, असं मी धरून चालले होते. त्या जोरावर तर मी भांडत होते.

इथे आल्यावर पहिल्याच दुपारी, जेवण झाल्यावर, अब्बांनी आपणच भरलेली गादी भिंतीशी ओढली, भिंतीला पाठ टेकली आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. याच दिवसाची मी इतकी वर्षं वाट पाहिली होती. आणि मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, अब्बा, उठा. चपला घाला, बाटली घ्या, आणि मला नाही म्हणा.