पोळ्याच्या दिवशी सुटलेला दोर

महाराष्ट्र झाला आणि पाठोपाठ आमच्याकडे धरणाचं पाणी आलं. पुंजाजीचं वावर बुडालं, बैल विकावे लागले, अन् नांगर धरणाऱ्या हातात शिडाची नाव आली. आमचं गाव अलीकडच्या काठाला, सोयरे पलीकडे. नाव सोडली तर डोंगराची पायवाट, ती धडधाकट माणसानंच चढावी. त्यामुळे पुंजाजीवाचून कुणाचंच पान हलत नव्हतं.

पण नाव आली तरी या बाबाच्या डोक्यातून बैल काही जाईनात! डोलकाठी तीन बाजूंनी अंबाडीच्या दोरांनी ताणून उभी केलेली. हा रोज संध्याकाळी ते दोर सैल करायचा. "दिवसभर वढलं तिनं, आता सोडा की तिले," म्हणायचा. सकाळी पाय रोवून पुन्हा एकेक दोर ताणायचा, गाठ आवळायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी तर काठीच्या बुडाला हळद-लोणी चोळून, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या," असं नावेला रीतसर सांगायचा. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, तर नाव कशी जुंपायची? त्या दिवशी तिला पूर्ण सुट्टी.

अशाच एका पोळ्याला शेजारची शालूबाई धापा टाकत आली. विधवा बाई, एकुलती एक लेक कोकिळा पलीकडच्या गावात दिलेली. कोकिळा बाळंत झाली होती, मुलगी झाली होती.

"एवढी एक खेप कर बा पुंजाजी. नात पाहू दे मले."

पुंजाजीनं आधी आढेवेढे घेतले, मग निघाला, पण तोंड पाडूनच. पुढचा दोर ताणला, डावा ताणला. उजव्याला नुसते वेढे दिले, गाठ मारलीच नाही. मनाशी म्हणाला, जायचं अन् यायचं, त्याले का लागते! मधोमध वारा फिरला, वेढे सुटले आणि काठी धाडकन शालूबाईच्या उजव्या हातावर आली. हाड मोडलं, ते पुढे वाकडंच जुळलं.

नाव माघारी काठाला लागली तेव्हा सारं गाव जमलं. "पोळ्याच्या दिवशी जुंपलं, मंग पाप लागनच ना!" कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. शालूबाईही रडत म्हणाली, "माहीच चूक झाली वं माय, म्याच हट्ट केला." पुंजाजी तिथंच उभा होता. तो सुटलेला दोर गुंडाळत राहिला.

शालूबाईनं आण घेतली, या नावेत पुन्हा पाय ठेवणार नाही. लेकीलाही निरोप धाडला, तू येऊ नको, माझं पाप तुझ्या लेकराला लागेल. दर पोळ्याला डाव्या हातात पुरणपोळीचं ताट घेऊन ती यायची आणि नावेची माफी मागायची. पुंजाजी तेवढ्यात कुठेतरी पसार व्हायचा. मग त्याला जेवण जायचं नाही. तानुबाई, त्याची बायको, वैतागायची, "काऊन, का झालं तुमाले?" हा म्हणे, "काई नाई." भर पाण्यात उठून चांगली आवळलेली गाठ सोडायचा, पुन्हा आवळायचा. आम्हाला वाटायचं, याला येड लागलं. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी मनापासून घालता आल्या असत्या!

गेल्या पोळ्याला त्याला पसार होता आलं नाही. शालूबाईनं रस्त्यातच गाठलं आणि एक झबलं पुढे केलं. डाव्या हातानं शिवलेलं, टाके वाकडेतिकडे.

"कोकीच्या पोरीले देजो बा."

पुंजाजीनं ते हातात धरलं. तान्ह्या बाळाचं झबलं होतं ते.

"शालूबाई, पोरगी आता धावते," तो म्हणाला, आणि मग त्याला राहवेना. "पाप नाई लागलं तुमाले. म्या गाठच मारली नोती. आळस केला. तुमी सोताले दोष देत राह्यल्या अन् म्या तोंड शिवून बसलो."

मी शेजारीच होतो. वाटलं, बाई आता याच्या थोबाडीत मारते. तिनं झबलं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"सारं गाव मले पापी म्हणे, अन् तू आयकत होता?"

"हाव."

"चाल. आत्ताच."

"आज पोळा हाय..." तो बोलून गेला, आणि स्वतःच खाली बघत दोर ताणायला लागला. मीही नावेत चढलो. नाव पलीकडच्या काठाला लागली.

कोकिळा धावतच काठावर आली. तिच्या पदराला धरून पोरगी. शालूबाईनं डावा हात पुढे केला, तशी पोरगी आईच्या मागं दडली.

"आई, हे बाई कोन होय वं?"

कोकिळाला हुंदका आवरेना. शालूबाई मात्र रडली नाही. ती मागं वळली. पुंजाजी नाव धरून पाण्यातच उभा होता.

"ये इकडं," ती त्याला म्हणाली. "मी कोन होय अन् आतापावतर काऊन नाई आली, ते तूच सांग तिले."